फळी तुझी, पाणी कुणाचं?

पाटी वाचली. पुरी वाचली. अकरा कलमं होती.

पवना धरणाच्या काठाला, एका बंगल्याच्या पिछाडीला, लोखंडी खांबांवर फळ्या ठोकून पाण्यात लांबवर घातलेली जेटी. तिच्या तोंडाशी ही पाटी. वर मोठ्या लाल अक्षरात 'खासगी मालमत्ता' आणि खाली कलमं. प्रवेश बंद. मासेमारी सक्त मनाई. गळ, जाळं, ट्यूब आढळल्यास जप्त. पोहू नये. कपडे धुऊ नयेत. जनावरं आणू नयेत. मांसाहार करू नये. मोठ्यानं बोलू नये. काठावर बसू नये. फोटो काढू नये. आणि अकरावं, आज्ञाभंग करणाऱ्यास पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल. मांसाहार करू नये असं लिहिणाऱ्याच्या जेटीखाली रात्रीच्या तंदुरीची हाडं तरंगत होती, ते सोडा. मालकाची हाडं शाकाहारी असतात.

मी आणि दिल्या जेटीवर चढलो नव्हतो. फळीला हात लावला नव्हता. पंचवीस-तीस फुटांवर गुडघाभर पाण्यात उभे होतो आणि फळ्यांच्या सावलीकडे गळ टाकत होतो. का, ते मासे धरणाऱ्या कुणालाही विचारा. सावली पडते तिथं पाणी गार राहतं. खांबांवर शेवाळ धरतं, शेवाळाला बारके किडे, गोगलगायी, त्यांच्यामागं बारकी मासळी आणि बारक्या मासळीमागं मोठी. उन्हं चढली की मरळ, चिलापी असल्याच आडोशाला येऊन उभी राहते. माशाला सातबारा वाचता येत नाही.

बंगल्यातनं मालक आला. अर्धी चड्डी, हातात कप. आधी म्हणाला, "एक्स्क्यूज मी." मग म्हणाला, "कुठून आलात?" पिंपरी, म्हटलं. "नाव काय?" नाव सांगितलं. "पूर्ण नाव."

दोस्तहो, हे 'पूर्ण नाव' काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कॉलेजच्या फॉर्मवर असतं, भाड्याच्या खोलीच्या दारात असतं, आता धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहिल्यावरही असतं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्याच्या तोंडावरचं 'एक्स्क्यूज मी' उतरलं. म्हणाला, "तुम्हा लोकांना मॅनर्स नसतात. तुमच्यासारख्यांमुळंच हे पाणी घाण होतं. वाचता येतं ना? मग पाटी वाचा."

वाचता येतं. म्हणून तर हे लिहितोय.

आम्ही त्या दिवशी भांडलो नाही. गळ गुंडाळले आणि काठाकाठानं निघालो. वॉचमन मागं मागं आला. साठीचा असेल म्हातारा, आम्हाला हाकलून लावायचा हुकूम होता त्याला. वळणाच्या पलीकडं आल्यावर थांबला, बिडी पेटवली आणि हळू आवाजात बोलला, "पोरांनो, परत आला तर या, माझं काय न्हाई. पर जेटीच्या डाव्या अंगाला पाण्यात पाय घालू नका. करंट हाय तिथं."

"करंट म्हणजे, मामा?"

"दिव्याची वायर हाय फळ्यांखालनं. पंपाची बी हाय. उंदरानं कुरतडलीय नाहीतर उन्हानं फुटलीय. ज्येष्ठात एक म्हैस गेली. मालकानं पैशे दिले, गप केलं. मी दोनदा बोललो, दुरुस्त करा. करतो म्हनला."

पाटीवर अकरा कलमं. त्यात बारावं नाही. वीज आहे, जीव जाईल, हे नाही. फोटो काढू नये हे आहे.

मामा पुढं जे बोलला तेही लिहून ठेवतो. म्हणाला, "हितं जिथं जेटी रोवलीय ना, त्याच्याखाली माझ्या बापाचं भातखाचर हाय." १९७२ साली धरण पुरं झालं तेव्हा तो पोरगा होता. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांची एक पिढी पुनर्वसनाच्या खेट्या घालता घालता म्हातारी झाली. आणि त्याच खाचरावर आता फळ्या ठोकून मालक सांगतो, खासगी.

आता या 'खासगी' शब्दाकडं नीट बघू. हा शब्द आपल्याला नवा नाही. शाळेच्या पुस्तकात महाड शिकवतात ते असं शिकवतात, की बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्याले, सनातन्यांनी मारझोड केली, मग तळं शेणमूत, दूध-दही घातलेल्या एकशे आठ घागरी ओतून शुद्ध केलं. धडा संपला. पुढचं शिकवत नाहीत. पुढचं असं आहे, की शेणमुतानं भागलं नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. सरकारी कागद आपल्या बाजूला होता. धर्म सांगून कोर्टात उभं राहणं अवघड होतं. मग सनातन्यांनी काय केलं? डिसेंबर १९२७ मध्ये, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, दिवाणी दावा लावला. दाव्यात काय म्हटलं? हे तळं सार्वजनिक नाहीच. हे चौधरी तळं आहे. आमच्या मालकीचं आहे. खासगी आहे.

बघा. विटाळ चालला नाही तेव्हा मालमत्ता आली. शास्त्र कमी पडलं तिथं सातबारा आला. तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला त्यांना. आणि तो खटला किती वर्षं चालला? हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. नऊ वर्षांहून जास्त. एका तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांनी नऊ वर्षांहून जास्त काळ कोर्टात हे सिद्ध केलं, की पाण्याला असला मालक नसतो.

म्हणून मी म्हणतो, जेटीवरची पाटी ही काही नवी रीत नाही, नवश्रीमंतांची शिष्टाई नाही. चौधरी तळ्याच्या दाव्याचीच ती पुढची तारीख आहे. पूर्वी म्हणायचे, तू शिवलास तर पाणी बाटतं. आता म्हणतात, तू उभा राहिलास तर व्ह्यू बाटतो.

काही मित्र म्हणतील, हे जरा ताणतोस. बंगलेवाल्याचा लाख-लाखाचा खर्च आहे, बोट बांधलेली असते, पोरंबाळं पोहतात, कुणीही येऊन गळ फेकला, डोळ्यात गेला तर? बरोबर आहे. त्याचंही बोलतो. मी पाण्यात उभा राहणारा माणूस आहे, मला गळाचं लोखंड ठाऊक आहे. पण आधी हक्काचं होऊन जाऊ दे, मग रीतीचं.

हे जेटीचं भांडण मुळात अमेरिकेतलं. तिथं तळ्याकाठी घर आणि घरासमोर स्वतःची जेटी ही मध्यमवर्गाचीसुद्धा हौस. आणि रविवारी बोट घेऊन निघणाऱ्याला त्याच जेटीखाली बास मासा हवा. मालक वरनं ओरडणार, खालचा बोटीतनं ओरडणार. पण भांडण कशाचं असतं? फळीचं. पाण्याचं नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत सार्वजनिक तळ्याच्या पाण्यापर्यंत तुम्ही कायदेशीर वाटेनं पोचलात, की साऱ्या पाण्यावर गळ टाकायची मुभा आहे. जेटीवर पाय ठेवायचा नाही, जेटीला बोट बांधायची नाही, बोटीच्या दोरात गळ अडकवायचा नाही. फळी त्याची, पाणी सगळ्यांचं. (सगळीकडं असं नाही. काही राज्यांत तळ्याचा तळसुद्धा खासगी असतो. भांडवलशाहीचा तो देश आहे, आपण त्याची आरती ओवाळायला बसलेलो नाही.) पण त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टानं १८९२ साली, शिकागोजवळच्या मिशिगन सरोवराचा तळ राज्यानं एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता त्या खटल्यात, सांगून टाकलं, की असलं पाणी सरकारला विकता येत नाही, सरकार त्याचं मालक नाही, राखणदार आहे.

आपल्याकडंही हे आलं. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका मोटेल कंपनीनं नदीचा प्रवाहच वळवला होता. डिसेंबर १९९६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं तोच न्याय इथं लावला. वाहतं पाणी, किनारा, हवा, जंगल ही जनतेची ठेव, सरकार विश्वस्त, कुणाच्या खासगी घशात घालायची नाहीत. निकाल इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, पण कॉलेजातल्या पोरांनी काढून वाचावा. पाटीशेजारी लटकवायला उपयोगी आहे.

पवना तर नैसर्गिक तळंही नाही. सरकारनं जमीन संपादन करून बांधलेलं धरण. पाणी उतरलं की उघडी पडते त्या जमिनीला गाळपेर म्हणतात, ती सरकारची असते, ती पिकाला भाडेपट्ट्यानं द्यायची झाली तर पहिला मान धरणग्रस्तांचा. मालकाची जेटी उन्हाळ्यात जाऊन बघा. खांब कशात रोवलेत? गाळात. मग परवानगी कुणाची? कागद असेल तर दाखवावा, मी कागदाला मान देणारा माणूस आहे. पाटीला नाही.

आणि आम्ही सगळे धुतल्या तांदळाचे असं मी म्हणत नाही. जलाशयातली मासेमारी सरकार ठेक्यानं देतं, मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य असतं, हौशी गळवाल्यानं जिथं ठेका असेल तिथं संस्थेची परवानगी घ्यावी, पावती फाडावी. त्या दिवशी आमच्याकडं पावती नव्हती. लपवत नाही. पण बंगलेवाल्यानं पावती विचारली नाही. पूर्ण नाव विचारलं.

माझा बाप पिंपरीत पवनेच्या काठी मासे धरायचा. कंपनीतनं सुटला की सायकल घाटाला लावायची, कणकेचा गोळा, बांबूची काठी. मीही लहानपणी गेलोय त्याच्यासोबत. आज त्या जागी जाऊन बघा. काळं पाणी, साबणासारखा फेस, अधूनमधून पांढऱ्या पोटाची मेलेली मासळी. म्हणून आम्हाला लोकलनं कामशेतला उतरून, जीप करून वर धरणावर यावं लागतं. खाली कारखान्यांनी नदी मारली, वर बंगल्यांनी काठ धरला. मधल्या माणसानं गळ कुठं टाकायचा? तरी त्याच धरणाचं पाणी रावेतला उचलून आमच्या नळाला येतं, आणि २०१९ साली तेही दिवसाआड झालं. वर हेही विसरायचं नाही, की हेच पाणी बंद पाइपातनं शहराला न्यायच्या विरोधात मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस वेवर उतरले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, तिघं मेले, त्यात एक बाई. ज्या पाण्यासाठी मावळात माणसं मेली ते माझ्या घरच्या हंड्यात आहे. हे मला सोपं करून सांगता येत नाही.

आता विजेचं. हे नीट वाचा, कारण यात जीव जातो आणि कुणी सांगत नाही.

खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. धरणाचं गोडं पाणी तितकी नेत नाही. म्हणजे गोडं पाणी सुरक्षित? उलटं. माणसाच्या अंगात मीठ आहे. गोड्या पाण्यात वीज गळत असली आणि तुम्ही मध्ये आलात, तर पाण्यापेक्षा तुमच्या अंगातनं जायला तिला सोपं पडतं. दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात. माणूस ओरडतही नाही, हात हलत नाही, गप खाली जातो. साठ वॉटचा बल्ब अडीचशे मिलिअँपिअरच्या वर घेतो, म्हणजे बल्ब पेटायला लागते त्याच्या कितीतरी कमी विजेत माणूस विझतो. अंगावर बहुतेक वेळा भाजल्याची खूण राहत नाही. पंचनाम्यात लिहितात, बुडून मृत्यू. पोहता येत नव्हतं. दारू प्याला असेल. अमेरिकेत जेट्यांच्या आसपास असे बळी इतके झाले, की या प्रकाराला वेगळं नावच पडलं, आणि जेटीवरच्या विजेसाठी वेगळे नियम आले.

इलाज काय? काही फार मोठा नाही. घरात जो साधा एमसीबी असतो तो असल्या गळतीला पडत नाही, त्याला अँपिअरात करंट लागतो. ईएलसीबी लागतो, तीस मिलिअँपिअरचा. गेली तितकी वीज परत आली का एवढंच तो बघतो, आणि कमी आली की तोडतो. ज्यानं जेटीवर रंगीत दिवे लावले त्याला त्याची किंमत चहापाण्याची. पण पाटी रंगवायला पैसे होते, वायर बदलायला नव्हते. कारण पाण्यात तो स्वतः उतरत नाही. तो बोटीत बसतो. पाण्यात उतरतो कोण? कातकरी. भोई. म्हैस धुणारा. आणि आमच्यासारखा रिकामटेकडा.

म्हणून सांगतो. लोखंडी जेटीजवळ, जिथं दिवा, पंप, वायर दिसते, तिथं पाण्यात उभं राहून मासे धरू नका. काठावरनं टाका, नाहीतर लांब जा. पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर जेटीकडं, शिडीकडं धाव घेऊ नका, लोखंडाला तर हात लावूच नका. आलात त्या वाटेनं मागं सरका. कुणी आत आखडलेला दिसला तर उडी मारू नका. दोस्ताचा जीव जातोय हे बघवत नाही, पाय आपोआप उचलतो, पण उडी मारणारा दुसरा मढं होतो. आधी मेन स्विच पाडा. तोवर ट्यूब फेका, कोरडा बांबू द्या. कार्बनच्या गळकाठ्या हल्ली स्वस्त झाल्यात, कार्बनमधनं वीज जाते. वर तारा असतील तिथं काठी उभी धरायची नाही. वळीव गडगडायला लागला की काठी खाली टाकून पाण्यातनं बाहेर यायचं, मासा गेला खड्ड्यात.

आता आपली रीत. बंगलेवाल्यानं शिकवावी म्हणून नाही, आपल्याला शोभावी म्हणून.

फळीवर पोरं पोहत असतील तर त्या बाजूला गळ जाणार नाही. मालकाची पोरं असली तरी पोरं आहेत. गळ बोटीच्या दोरात अडकला तर हिसडून, तंगूस तोडून पळायचं नाही. तो काटा तिथंच राहतो, सकाळी वॉचमनच्या तळहातात जातो, मालकाच्या नाही. हाक मारायची, सांगायचं, सोडवून घ्यायचा. तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही, पाणकावळे त्यात पाय गुंतून मरतात, मी सोडवलाय एक, चोचीनं माझं बोट फोडलं त्यानं. चिलापी लहान असो मोठी असो, न्या खुशाल. १९५२ साली बाहेरनं आणून सोडली या देशात, गरिबाचं कालवण म्हणून, आणि तिनं पाणी व्यापलं. क्लबातले सायब लोक तिला नाकं मुरडतात. त्यांना महसीरच पाहिजे, फोटोपुरता. आम्हाला चिलापी चालते, तिखटात.

पण सगळ्यात अवघड रीत वेगळी आहे, आणि ती लिहायला मला लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

त्या बंगल्याच्या प्रकाराआधी दोन रविवार मी त्याच धरणावर होतो, वरच्या अंगाला, फुगवटा संपतो तिथं. नवी काठी होती, दोन हजारांची, हप्त्यावर नाही, रोख. लांब फेकायची हौस. फेकला गळ आणि अडकला. ओढला. अजून ओढला. जाळं वर आलं. हाताएवढं फाटलं, तीन ठिकाणी. कंबरभर पाण्यात एक कातकरी बाई उभी होती, तिचं जाळं. आणि माझ्या तोंडातनं काय निघालं? "मावशी, बघून लावायचं ना जाळं."

ती म्हणाली, "दादा, आमी हितंच लावतो."

एवढंच. राग नाही, ओरडा नाही. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार आदिम म्हणून मोजतं त्यातली कातकरी एक. ती जाळं लावते ते हौसेला नाही, संध्याकाळच्या मिठामिरचीला. आणि मी, महाड पाठ असलेला, पाणी सगळ्यांचं म्हणणारा, तिच्या पाण्यात काठी घेऊन उभा, आणि बोललो काय? बंगलेवाल्याचंच बोललो. पाटी नव्हती हातात एवढंच. दिल्यानं पन्नास रुपये काढले. तिनं घेतले, सुताला लागतील म्हणाली, आणि काठावर बसून फाटलेलं जाळं मांडीवर घेतलं. आम्ही तिथं उभं राहून काय करणार, निघालो.

तेव्हा शहरातल्या पोरांनो, गळकाठी घेऊन वर जाता तेव्हा आधी हे बघा, की पाण्यात थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या तरंगतायत का. त्याच्याखाली कुणाचं तरी जाळं आहे, कुणाची तरी दावण आहे. तिथं गळ जात नाही. ट्यूबवर बसून कुणी येत असेल तर त्याला वाट द्या, तो कामावर आहे, तुम्ही सुट्टीवर आहात. त्याच्या दावणीचा मासा काढून घेणारा आपल्यातला असला तरी चोर. बंगलेवाल्यापुढं छाती काढायची आणि कातकऱ्यापुढं सायब व्हायचं, असला विद्रोह मला नको. त्यापेक्षा मालकाची पाटी बरी, ती निदान वाचता तरी येते.

आणि मालकालाही सांगणं आहे. तुझ्या फळीवर आम्ही चढणार नाही. तुझी बोट, तुझा दोर, तुझी झोप, सगळ्याला मान देऊ, पहाटे टेप लावणार नाही. पण पाटी उतरव. निदान तिच्यावर खरं लिही. 'या जागी वीज आहे' एवढी एक ओळ, लाल अक्षरात, मराठीत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कवटीचं चित्र. पूर्ण नाव विचारायची खोड मात्र सोड, तिला आता उत्तर मिळेल.

वीज कंपनीच्या कचेरीत आम्ही अर्ज घेऊन गेलो होतो. खिडकीवरचा म्हणाला, ग्राहक क्रमांक आणा. म्हटलं, तो मालकाकडं असतो, मालक कसा देईल? म्हणाला, मग तक्रार कशी घेऊ? त्या रात्री वॉचमन मामानं बंगल्याच्या मीटरवरचा नंबर पाहून फोनवर सांगितला. त्याची नोकरी जाऊ शकते, म्हणून त्याचं नाव इथं नाही, गावही नाही. अर्ज पुन्हा लिहिलाय. वीजवाल्यांना एक, पाटबंधाऱ्याला एक, तहसीलला एक. तिन्हीची पोच हवी, शिक्का मारलेली. खाली काठावरच्या माणसांच्या सह्या आणि अंगठे घ्यायचेत, जाळंवाल्या बाईचाही, ती तयार असेल तर.

येत्या रविवारी सकाळच्या पहिल्या लोकलनं निघतोय. कामशेतला उतरून पुढं जीप. चार-पाच जण आले तर बरं, कार्बन पेपर आणि शाईचा पॅड आणावा. सुताची दोन बंडलं मी घेतलीत. गळकाठी घरी ठेवणार आहे.